भिंत आणि कुलूप
(संगणकाच्या अंतरंगाची ओळख)

नांदेडचे कोणी एक गृहस्थ आहेत आणि त्यांची कन्या शिक्षणासाठीं लातुरास राहते, असें समजा. आमच्या मराठवाड्यांत ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, कित्येक वाचकांस ती आपल्याच घरची वाटेल. पिता व कन्या ह्या दोघांच्या नांवें बँकेंत एकच खातें असून त्यांत ५,००० रुपये शिल्लक आहेत. महिन्याच्या आरंभीं वडील नांदेडच्या शाखेंत २,००० रुपये भरतात. आणि योगायोग असा कीं, नेमक्या त्याच क्षणीं मुलगी लातूरच्या यंत्रांतून खाणावळीसाठीं १,००० रुपये काढते. शिल्लक किती राहिली पाहिजे? पहिल्या इयत्तेंतील मूलही ६,००० असें सांगेल.

आतां बँकेच्या संगणकाच्या पोटांत काय घडूं शकतें तें पाहूं. नांदेडचें काम करणारा प्रोग्रॅम शिल्लक वाचतो: ५,०००. तो बेरीज करून ७,००० हा आंकडा लिहिणार, इतक्यांत लातूरचें काम करणारा प्रोग्रॅमही शिल्लक वाचतो. त्यासही ५,००० च दिसतात. पहिला ७,००० लिहून मोकळा होतो. दुसरा आपल्या वजाबाकीप्रमाणें त्याच जागीं ४,००० लिहितो. जें शेवटीं लिहिलें तेंच राहतें. वडिलांनीं भरलेले २,००० रुपये कोणीं चोरले नाहींत, कोणाची बेरीज चुकली नाहीं, कोणीं लबाडी केली नाहीं. तरी ते नाहींसे झाले! लिहिण्याचा क्रम उलट असता, तर शिल्लक ७,००० दिसली असती आणि बँक १,००० रुपयांस बुडाली असती.

दररोज असंख्य लोक असे व्यवहार करितात आणि तरी त्यांचे पैसे असे विरून जात नाहींत. त्याचें कारण संगणक शहाणा आहे हें नव्हे. संगणकाची रचना करणाऱ्यांनीं दोन साध्या वस्तु त्याच्या आंत बसविल्या आहेत, हें त्याचें कारण होय. त्या वस्तु आपणां सर्वांच्या घरीं आहेत: एक भिंत आणि दुसरी कुलूप. ह्या दोहोंचें काम कसें चालतें, आणि त्यांचा आपल्या घरच्या फोनाशीं काय संबंध येतो, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एक यंत्र, अनेक कामें

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ नांवाचा संगणक चालूं झाला. तो आपल्याच देशांत घडविलेला होता. त्या पिढीच्या यंत्रावर एका वेळीं एकाच प्रोग्रॅमचें राज्य असे. सबंध यंत्र त्याचेंच असल्यामुळें भांडावयास दुसरा कोणी नसे. आजची स्थिति अगदीं निराळी आहे. खिशांतील लहानशा फोनावर एकाच वेळीं डझनावारी प्रोग्रॅम चालूं असतात: एक गाणें वाजवितो, एक निरोप आणतो, एक घड्याळ दाखवितो. चालूं असलेल्या अशा प्रत्येक प्रोग्रॅमास ‘प्रोसेस’ म्हणतात. यंत्राचा मेंदु म्हणजे प्रोसेसर. तो क्षणाच्या सूक्ष्म अंशापुरता एका प्रोसेसचें काम करितो, मग तें तसेंच टाकून दुसरीचें हातीं घेतो. आणि ही पाळी इतक्या वेगानें फिरते कीं, सर्व कामें एकदमच चाललीं आहेत असा आपणांस भास होतो. शिवाय आतां एकेका यंत्रांत असे अनेक मेंदु असतात. त्यामुळें कांहीं कामें खरोखरीच एकदम चालतात.

ह्या सर्वांवर देखरेख करणारा जो मुख्य प्रोग्रॅम, त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. एका छपराखालीं अनेक बिऱ्हाडें आलीं म्हणजे जे प्रश्न उठतात, तेच येथेंही उठतात: कोणाची जागा कोणती, आणि सामाईक विहिरीवर पाणी कोणीं केव्हां भरावें?

भिंत

प्रथम भिंतीचा विचार करूं. लातूरची गंज गोलाई पुष्कळांनीं पाहिली असेल. १९१७ सालीं तेथील मुख्य इमारत उभी राहिली. तिच्याभोंवतीं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि निरनिराळ्या रस्त्यांवर निरनिराळ्या जिनसांचे बाजार भरलेले असतात: कोठें सोनेंनाणें, कोठें पादत्राणें, कोठें मिरची, कोठें गूळ. मिरचीच्या बाजारांत ठसका उठला म्हणून सराफाच्या तराजूचा कांटा हलत नाहीं. प्रत्येक धंद्याची गल्ली निराळी असल्याचा हा लाभ होय.

संगणकांत ही व्यवस्था कशी साधतात? यंत्राची स्मृति, म्हणजे मेमरी, ही लक्षावधि लहान खणांची एक लांब रांग आहे, आणि प्रत्येक खणास क्रमांक आहे. पूर्वीच्या घरगुती संगणकांवर कोणताही प्रोग्रॅम कोणत्याही खणांत हात घालूं शके. मग एका प्रोग्रॅमाच्या हातून चूक झाली कीं दुसऱ्याचें लिहिलेलें पुसलें जाई, आणि सबंध यंत्र आ वासून बसे. ‘यंत्र बंद करून पुन्हां चालूं करा’ हा त्यावरील एकमेव उपाय असे.

ह्यावर जी युक्ति निघाली ती एका दृष्टांतानें समजेल. नांदेडच्या एका वसतिगृहांत पांच क्रमांकाची खोली आहे; लातूरच्या एका वसतिगृहांतही पांच क्रमांकाची खोली आहे. नांदेडची मुलगी ‘पांच नंबरच्या खोलींत जातें’ असें म्हणाली, तर ती आपल्याच वसतिगृहांतील खोलींत जाणार. लातूरच्या खोलीस कुलूप आहे म्हणून ती तेथें जात नाहीं, असें नव्हे. तें दारच मुळीं तिच्या इमारतींत नाहीं. प्रोसेसची गोष्ट अशीच आहे. प्रत्येकीस वाटतें कीं, खणांची सबंध रांग आपलीच. परंतु ती जो क्रमांक उच्चारते, तो खरा क्रमांक नसतो. प्रोसेसरमधील एक भाग तो क्रमांक घेऊन एका कोष्टकांत पाहतो, आणि खऱ्या खणाचा पत्ता काढून देतो. हें कोष्टक पानापानांनीं केलेलें असतें. पुष्कळ यंत्रांवर एका पानांत ४,०९६ बाईट इतकी जागा येते. प्रत्येक प्रोसेसचें कोष्टक निराळें, आणि तें लिहिण्याचा अधिकार केवळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा. ह्या गाभ्यास कर्नल म्हणतात. कोष्टकांत नसलेला क्रमांक कोणी मागितला, तर यंत्र तत्काळ कर्नलास हांक मारतें आणि कर्नल बहुधा त्या एकाच प्रोसेसला बंद करितो. बाकीच्यांस त्याचा पत्ताही लागत नाहीं.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत मँचेस्टर येथील ‘ॲटलास’ ह्या यंत्रावर १९६२ सालींच क्रमांक बदलून देण्याची अशी सोय होती. लहान संगणकांपर्यंत तिला येण्यास मात्र बराच काळ लागला. इंटेल कंपनीच्या ८०३८६ ह्या प्रोसेसरमध्यें ती १९८५ सालीं आली.

परंतु चारी बाजूंनीं भिंत बांधली, तर आंतल्यास बाहेर कांहीं देतांघेतां येणार नाहीं. म्हणून भिंतीस एक खिडकी ठेवितात. प्रोसेसला कागदावर छापावयाचें असेल, फाईल उघडावयाची असेल, तर तिनें कचेरीच्या खिडकीवर अर्ज द्यावा तसा कर्नलापाशीं अर्ज द्यावा. कर्नल अधिकार तपासून तें काम स्वतः करितो. भिंतीचें महत्त्व ह्या एका खिडकींत आहे: सर्व व्यवहार तेथूनच होत असल्यामुळें पहाराही तेथेंच ठेवितां येतो.

कुलूप

गल्ल्या कितीही निराळ्या केल्या, तरी मधली गोलाई सोळा रस्त्यांची एकच. आणि गर्दी व्हावयाची ती तेथेंच. पितापुत्रींचें बँकेंतील खातें ही अशीच गोलाई होय. तें दोघांचें आहे म्हणूनच तर त्याचा उपयोग. तेथें भिंत घालतां येत नाहीं. तेथें कुलूप लागतें.

कुलुपाचा उत्तम धडा आमच्याच रेल्वेनें दिला आहे. बारशी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ सालीं लातुरास पोंचली, आणि १९२७ सालीं तोच मार्ग दुसऱ्या टोकास मिरजेपर्यंत गेला. पुढें तो रुंद झाला. २०१६ च्या एप्रिलांत लातूर तहानेनें व्याकुळ झालें असतां मिरजेहून पाण्याची गाडी आली ती ह्याच मार्गानें. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या, त्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें, आणि अंतर सुमारें ३४० किलोमीटर होतें. मार्ग एकेरी; म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांस रूळ एकच. अशा रुळावर दोन स्थानकांमधील तुकड्यांत समोरासमोर दोन गाड्या शिरल्या, तर काय अनर्थ होईल तें सांगावयास नको.

तो टाळण्यासाठीं भारतांतील एकेरी मार्गांवर पुष्कळ वर्षें गोळ्याची पद्धति रूढ होती. लगतच्या दोन स्थानकांवर एकेक यंत्र असे, आणि तीं दोन्ही तारेनें जोडलेलीं असत. पलीकडच्या स्टेशनमास्तरानें संमति दिल्यावरच अलीकडच्या यंत्रांतून पोलादाचा एक गोळा निघे. तो वेताच्या कडीच्या पिशवींत घालून ड्रायव्हरच्या हातीं देत. गोळा हातीं आल्यावांचून ड्रायव्हरनें गाडी हलवावयाची नाहीं, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोहोंपैकीं कोणत्याही यंत्रांतून दुसरा निघावयाचा नाहीं. पुढच्या स्थानकावर गोळा परत यंत्रांत पडला, म्हणजे मार्ग पुन्हां मोकळा. आज बहुतेक ठिकाणीं हें काम विजेचीं नवीं यंत्रें करितात. तत्त्व तेंच आहे.

बँकेच्या संगणकांत ह्याचप्रमाणें प्रत्येक खात्याचा जणूं एकेक गोळा असतो. नांदेडचा प्रोग्रॅम प्रथम गोळा घेतो, मग शिल्लक वाचतो, बेरीज करितो, ७,००० लिहितो आणि गोळा परत ठेवितो. तोंपर्यंत लातूरचा प्रोग्रॅम थांबतो. मग तो गोळा घेऊन वाचूं लागतो, तेव्हां त्यास ७,००० दिसतात, आणि १,००० वजा जाऊन बरोबर ६,००० राहतात.

येथें चिकित्सक विद्यार्थी शंका काढील: ‘दोघांनींही एकाच क्षणीं पाहिलें कीं गोळा जागेवर आहे, आणि दोघांनींही हात घातला तर?’ शंका अगदीं योग्य आहे. पाहणें आणि घेणें ह्या दोन क्रिया निरनिराळ्या असतील, तर कुलुपाचाही बँकेच्या खात्यासारखाच घोटाळा होईल. म्हणून प्रोसेसरमध्यें एक विशेष आज्ञा ठेविलेली असते. ती ‘पाहणें’ आणि ‘घेणें’ मिळून एकच अखंड क्रिया करिते. तिच्या मध्यें दुसऱ्या कोणास शिरतां येत नाहीं. साऱ्या कुलुपांची इमारत ह्या एका अखंड क्रियेवर उभी आहे.

हॉलंडचे संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ह्या विषयाचा पाया घातला. त्यांनीं आपल्या कुलुपास जें नांव दिलें तें ‘सेमाफोर’, म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल. रुळावरील शहाणपण संगणकांत आलें, ह्याची खूण त्या नांवांतच राहिली आहे.

कुलुपाचे धोके

कुलूप हें औषध खरें, पण त्याचींही पथ्यें आहेत. समजा, एका व्यवहारांत पैसे पहिल्या खात्यांतून दुसऱ्यांत जावयाचे आहेत आणि त्याच वेळीं दुसऱ्या व्यवहारांत दुसऱ्यांतून पहिल्यांत. एकानें पहिल्याचा गोळा घेतला आणि तो दुसऱ्याची वाट पाहतो. दुसऱ्यानें दुसऱ्याचा घेतला आणि तो पहिल्याची वाट पाहतो. अरुंद पुलावर दोन बैलगाड्या समोरासमोर याव्या आणि कोणीही मागें हटूं नये, तशी ही गत. दोघेही आजन्म थांबतील! ह्यास एक सुंदर उपाय आहे: ज्या खात्याचा क्रमांक लहान, त्याचा गोळा सर्वांनीं आधीं मागावा. मग ज्यास तो मिळत नाहीं तो रिकाम्या हातीं थांबतो. आणि रिकाम्या हातीं थांबणारा कोणाची वाट अडवीत नाहीं.

दुसरा धोका मंगळावर दिसून आला. अमेरिकेचें ‘पाथफाइंडर’ हें यान ४ जुलै १९९७ रोजीं तेथें उतरलें, आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक पुनःपुन्हां आपोआप नव्यानें सुरू होऊं लागला. शोध केल्यावर कळलें तें असें: हवामानाचें एक कनिष्ठ काम सामाईक वस्तूचें कुलूप धरून होतें, अत्यंत महत्त्वाचें काम त्या कुलुपासाठीं खोळंबलें होतें, आणि मधल्या प्रतीचीं कामें कनिष्ठास पाळीच मिळूं देत नव्हतीं. शिपायाच्या हातीं किल्ली आहे, हेडमास्तर दाराशीं उभे आहेत, आणि कारकून शिपायास दुसऱ्याच कामास पिटाळीत आहेत, असा हा प्रकार! उपाय केला तो असा कीं, कुलूप हातीं असेपर्यंत कनिष्ठासही थांबलेल्या वरिष्ठाचा मान मिळावा. ही दुरुस्ती पृथ्वीवरून पाठविण्यांत आली आणि यान सुरळीत चाललें.

तिसरी गोष्ट दुःखाची आहे. ‘थेरॅक-२५’ नांवाचें किरणोपचाराचें यंत्र अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांत होतें. १९८५ ते १९८७ ह्या काळांत त्याच्यामुळें सहा रुग्णांस प्रमाणाबाहेर किरणांचा मारा बसला आणि त्यांतील कांहीं दगावले. यंत्र चालविणारानें भराभर दुरुस्ती केली, तर यंत्रांतील दोन कामें एकच सामाईक नोंद कुलुपावांचून वाचीत व लिहीत, हें त्याच्या दोषांपैकीं एक होतें. जुन्या नमुन्यांत अपघात रोखणारी यांत्रिक कडी असे. नव्यांत, ‘प्रोग्रॅम आहेच’ ह्या भरंवशावर, ती काढून टाकिली होती. कुलूप काढणें सोपें असतें. तें काय राखीत होतें, हें मागाहून कळतें.

कांहींही सामाईक नसेल तर?

कुलुपांचा इतका व्याप पाहून कोणी म्हणेल कीं, सामाईक कांहीं ठेवूंच नये. हा मार्गही आमच्या महाराष्ट्रांतच पाहावयास मिळतो. पुण्याच्या ‘सी-डॅक’ ह्या संस्थेंत, अकोला जिल्ह्यांतील मुरंबा ह्या गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं, १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यांत अनेक प्रोसेसर एकत्र काम करीत. परंतु प्रत्येकाची स्मृति स्वतंत्र होती. एकास दुसऱ्याच्या खणांत पाहतां येत नसे. हवें तें निरोप पाठवून मागावें लागे. निरोपास वेळ लागतो हें खरें. पण माझ्या पाटीवर दुसऱ्यानें लिहिलें, ही तक्रार मात्र उरत नाहीं.

ब्राउझर आणि आपलें घर

आतां हा विषय आपल्या घरीं आणूं. इंटरनेटवरील पानें दाखविणारा जो प्रोग्रॅम, तो ब्राउझर. पूर्वी सबंध ब्राउझर ही बहुधा एकच प्रोसेस असे. दहा पानें उघडलीं आणि एक बिघडलें, तर दहाही मिटत. शाळेचा अर्ज अर्धा भरलेला असेल तर तोही जाई. गूगल कंपनीनें २००८ सालीं ‘क्रोम’ हा ब्राउझर काढला, त्यांत पानांची वांटणी निरनिराळ्या प्रोसेसमध्यें केली आणि प्रत्येक प्रोसेसचे अधिकार छाटून टाकिले. पानानें स्वतः फाईल उघडावयाची नाहीं. ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसकडे अर्ज करावयाचा. ‘फायरफॉक्स’ ह्या ब्राउझरनेंही २०१६ पासून हा मार्ग धरिला.

तरीही एक छिद्र राहिलें होतें. निरनिराळ्या संस्थांचीं पानें कित्येकदां एकाच प्रोसेसमध्यें शेजारीं शेजारीं बसत. त्यांच्या मध्यें जी भिंत होती ती केवळ ब्राउझरच्या नियमांची. २०१८ च्या जानेवारींत ‘स्पेक्टर’ नांवाचा दोष जाहीर झाला. प्रोसेसर वेळ वांचविण्यासाठीं पुढील कामाचा अंदाज बांधून तें आधींच करूं लागतो. अंदाज चुकला तर केलेलें टाकून देतो. पण टाकलेल्या कामाचे ठसे मागें राहतात, आणि कोणता खण किती लौकर वाचला जातो हें मोजून ते ओळखतां येतात. म्हणजे एक लबाड पान आपल्याच प्रोसेसमधील शेजाऱ्याची गुप्त गोष्ट, त्यास स्पर्श न करितां, जाणूं शकेल! ह्यावर क्रोमनें त्याच वर्षीं, टेबलावरील संगणकांसाठीं, प्रत्येक स्थळास निराळी प्रोसेस देण्याची पद्धति सर्रास लागू केली. बँकेचें पान एका घरांत, खेळाचें पान दुसऱ्या घरांत. मध्यें नियमाची नव्हे, तर यंत्रानें राखलेली भिंत.

भिंतीस विटा लागतात. ह्या पद्धतीनें स्मृतीचा खर्च शेंकडा दहा ते तेरा वाढतो, असें त्या कंपनीनें तेव्हां सांगितलें. २०१९ सालीं हीच सोय अँड्रॉइड फोनांवर आली, ती किमान दोन गिगाबाईट स्मृति असलेल्या फोनांस, आणि तीही परवलीचा शब्द जेथें लिहावा लागतो अशा स्थळांपुरती. ह्याचा अर्थ पालकांनीं ध्यानांत घ्यावा. ज्याचा फोन हलका, त्याच्या वांट्यास त्या वेळीं भिंतही पातळ आली. आमच्या कितीतरी घरीं एकच फोन असतो. त्यावरच वडिलांची बँक, आईचे निरोप आणि मुलांचा अभ्यास व खेळ. म्हणून ब्राउझरची नवी आवृत्ति आली कीं ती घ्यावी, बँकेचें काम झालें कीं तेथून रीतसर बाहेर पडावें, आणि अनोळखी पान कुतूहलानें उघडूं नये. यंत्रांतील भिंत चांगली असली, तरी दार आपल्याच हातीं आहे.

विद्यार्थ्यांस आम्ही इतकेंच सांगूं. उद्यां तुमच्यापैकीं कोणी प्रोग्रॅम लिहूं लागेल. त्यानें प्रथम विचारावें: ‘ही वस्तु सामाईक असण्याची गरज आहे काय?’ नसेल, तर भिंत घालावी. असेल, तर कुलूप लावावें. तें थोडा वेळ धरावें, ठरल्या क्रमानें घ्यावें, आणि काम होतांच परत द्यावें. एवढें कोणीतरी मन लावून केलेलें असतें, म्हणूनच नांदेडास भरलेले दोन हजार लातुरास पुरे पोंचतात, आणि खाणावळीचे पैसे काढणाऱ्या मुलीस त्याची शंकाही येत नाहीं.